विलायतेचा खर्च कोणी दिला?

मंडळी, गावातला एखादा मुलगा परदेशी शिकायला निघाला म्हणजे पारावर पहिला प्रश्न कोणता निघतो, हे तुम्हांला माहीत आहे. तो काय शिकणार, कोणत्या विद्यापीठात जाणार, हे प्रश्न मागाहून येतात. आधी विचारतात, ‘किती लागले? आणि आणले कोठून?’ शिकलेली माणसे या प्रश्नाला हसतात. मला मात्र तो प्रश्न फार योग्य वाटतो. आपल्या चरित्रग्रंथांतून पदव्यांची नावे मोठ्या अक्षरांत छापलेली असतात. पैसा कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला, आणि पैसे संपले तेव्हा काय झाले, हे मात्र एखाद्या ओळीत उरकलेले असते. आज मी तुमच्यापुढे ती ओळ जरा लांबवून मांडणार आहे. कारण ज्याने पैसा दिला त्याचा हात शिकणाऱ्याच्या पुढच्या आयुष्यावर कसा राहिला, हे पाहिल्याखेरीज परदेशी शिक्षणाचा आपला इतिहास पुरता कळत नाही, असे माझे मत आहे.

आधी वाट कशी होती ते पाहू. १८६७ साली मुंबईची आगगाडी नागपूरपर्यंत आली. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबईहून बोटीने विलायत काही आठवड्यांच्या टप्प्यात आली. म्हणजे वऱ्हाड-नागपूरच्या माणसाला वाट मोकळी झाली. पण वाट मोकळी होणे आणि माणूस निघणे या दोन वेगळ्या गोष्टी. समुद्र ओलांडला की जात जाते, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागते, ही भीती होतीच. ती भीती खोटी नव्हती. परंतु जातीच्या भीतीविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, खर्चाविषयी फार थोडे. जातीने प्रायश्चित्त देऊन परत घेतले असते. सावकाराकडे मात्र प्रायश्चित्ताची सोय नव्हती.

परदेशी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांची गोष्ट एका विद्यार्थिनीपासून सुरू करावी लागते. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. नवरा गोपाळराव पोस्टात नोकर. पोस्टातल्या कारकुनाच्या पगारात अमेरिका बसत नाही, हे सांगावयास नको. मग पैसा आला कोठून? थोडा दागिने मोडून आला. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी जाहीर भाषण करून आपण का जातो हे सांगितले. त्यानंतर वर्गणी जमली, तीत पोस्टखात्यातल्या वरिष्ठ इंग्रज अधिकाऱ्याचाही हातभार होता. अमेरिकेत न्यूजर्सी प्रांतातल्या रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या बाईंनी त्यांना आपल्या घरात लेकीसारखे ठेवून घेतले. या बाईंचे आणि आनंदीबाईंचे काहीच नाते नव्हते. एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचा पत्रव्यवहार छापला गेला होता, तो वाचून त्यांनी आपण होऊन पत्र लिहिले, इतकेच. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने शिष्यवृत्ती दिली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई डॉक्टर झाल्या.

त्या कॉलेजातले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १८८५ सालच्या त्या चित्रात तिघी विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत : जपानच्या केइ ओकामी, सीरियाच्या साबात इस्लामबुली आणि आपल्या आनंदीबाई, लुगड्यात. चित्र पाहून आपल्याला अभिमान वाटतो. पण फिलाडेल्फियाचा हिवाळा बर्फाचा असतो, आणि आनंदीबाईंनी आपला पोशाख व शाकाहार शक्य तितका सांभाळायचा असे ठरविले होते. ज्या समाजात परत जाऊन काम करावयाचे, त्याने आपल्याला बाटलेली म्हणून झिडकारू नये, हा त्यामागचा हिशेब. तो हिशेब अंगावर आला. क्षयाने त्यांना गाठले. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात त्यांची नेमणूक झाली होती, पण कामावर रुजू होण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. वय पुरते बावीसही नव्हते. वर्गणीची रक्कम लोक मोजतात. हा खर्च कोणत्याच वहीत लिहिलेला नाही.

आता जरा आपल्या नागपुराकडे वळू. १ जानेवारी १८७७ या दिवशी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. जमशेटजी टाटांची ही गिरणी. आसपासच्या काळ्या जमिनीतला कापूस तिथे येई, आणि तीन पाळ्यांचे भोंगे ऐकून अर्धे शहर उठे-बसे. २००२ साली ती गिरणी बंद पडली. आज तिची चिमणी ज्यांनी पाहिली आहे अशी माणसेही कमी होत चालली. टाटांची संपत्ती वाढली तीत या गिरणीचा वाटा मोठा होता. त्याच जमशेटजींनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी एक निधी काढला. त्या निधीचे वैशिष्ट्य असे, की तो दान देत नसे. कर्ज देत असे. शिकून या, कमवा आणि परत करा, म्हणजे तोच पैसा दुसऱ्याच्या कामी येईल. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी, की या निधीतून निवडलेल्या अगदी पहिल्या दोन विद्यार्थी या मुली होत्या. त्यांतल्या एक कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. त्या डॉक्टर होऊन आल्या आणि आनंदीबाईंना जे करता आले नाही ते स्त्रियांच्या रुग्णसेवेचे काम त्यांनी कोल्हापुरात पुष्कळ वर्षे केले.

कर्जाऊ शिष्यवृत्ती ही मला दानापेक्षा बरी वाटते. दान देणारा माणूस नेहमी मनात काही तरी धरून असतो. कर्जात निदान सगळे लिहिलेले असते.

लिहिलेल्या करारापेक्षा दिलेला शब्द कधी कधी जड जातो, याचे उदाहरण म्हणजे रँग्लर परांजपे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डी या खेड्यातला हा मुलगा. हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून केंब्रिजला गेला आणि १८९९ साली गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाला. हा मान मिळविणारा पहिला हिंदी माणूस. सरकारी नोकरीत त्यांना मागेल तेवढा पगार मिळाला असता. पण जाण्यापूर्वी त्यांनी पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता, की परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात अल्प वेतनावर शिकवीन. ते आले, १९०२ साली तिथे प्राचार्य झाले, आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या खुर्चीवर राहिले. पैसा सरकारचा होता, शब्द मात्र संस्थेला दिलेला होता. दोहोंपैकी शब्द जिंकला.

असो. पण ज्याला ना सरकार, ना संस्थान, ना टाटांचा निधी, त्याने काय करायचे? याचे उत्तर आपल्या वर्ध्याच्या एका मुलाने दिले आहे.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ चा, वर्ध्याचा, शाळा वर्धा-नागपूरची. वडील अर्ज लिहून देण्याचा धंदा करीत. डोक्यात क्रांतीचे वेड. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा तरुण घरातून निघाला, जपानमार्गे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला. खिशात काय होते हे विचारू नका. त्या काळी तिकडे पंजाबी शेतकरी लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर आणि फळबागांत राबत होते. हिंदी विद्यार्थीही सुट्टीत त्यांच्याच बरोबरीने मजुरी करीत, हॉटेलांत बशा धूत, शेतात फळे तोडीत, आणि सत्र सुरू झाले की वर्गात जाऊन बसत. खानखोज्यांनी हेच केले. कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या प्रांतांतल्या संस्थांतून त्यांनी शेतकीचा अभ्यास केला. जवळच्या एका लष्करी शाळेतही ते शिकले. १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या संस्थापक मंडळींत ते होते.

पुढची हकीकत कादंबरीसारखी आहे, ती इथे सांगत बसत नाही. पहिल्या महायुद्धात इराण, मग बर्लिन, मॉस्को, आणि १९२४ साली मेक्सिको. ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत नाव गेल्यामुळे घरचे दरवाजे बंद. तेव्हा या माणसाने मेक्सिकोतल्या चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात प्राध्यापकी केली, मक्याच्या नव्या जातींवर संशोधन केले आणि गरीब कास्तकारांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा हा मेक्सिकोचा जगप्रसिद्ध चित्रकार. त्याने एका भित्तिचित्रात भाकर वाटणाऱ्या माणसाच्या जागी खानखोज्यांचा चेहरा काढला आहे. वर्ध्याचा मुलगा मेक्सिको शहरातल्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मला या हकीकतीतला एक मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटतो. पांढरपेशा घरातला मुलगा वर्ध्यास राहिला असता तर त्याने वखराला हात लावला नसता. अमेरिकेत पोटासाठी हात लावावा लागला, आणि तिथेच त्याला शेतकी हे शास्त्र आहे याचा प्रत्यय आला. ज्याच्या शिक्षणाचा खर्च त्याच्याच हातांनी दिला, त्याने पुढे शिकविलेही हातांनी राबणाऱ्यांना. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी आले, नागपुरात राहिले आणि १९६७ साली इथेच वारले. विद्या घेऊन ते निघाले होते देशासाठी. तिचा उपयोग मात्र मेक्सिकोने केला. हा तोटा कोणाच्या नावावर मांडायचा? काळी यादी लिहिणाऱ्याच्या, हे उघड आहे. पण स्वराज्य आल्यावरही आपण त्यांच्याकडून किती घेतले, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

त्याच सुमारास आणखी एक वऱ्हाडकर अमेरिकेत होता. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म १८८४ चा, रायपूरचा, शाळा अमरावतीची. १९०६ साली ते अमेरिकेला गेले, कॉर्नेल विद्यापीठात राहून हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी प्रबंध लिहिला. त्याचे पुस्तक १९०९ साली तिकडेच निघाले, १९११ साली डॉक्टरेट मिळाली. ते परत आले आणि मराठीत ज्ञानकोश काढण्याच्या नादी लागले. त्या ज्ञानकोशाचे काम प्रथम नागपुरासच सुरू झाले, मग पुण्यास हलले. तेवीस खंड पुरे झाले. केतकरांनी त्यासाठी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळविले. विद्येचे काम भागभांडवलावर चालवायचे, ही कल्पना त्या दिवसांत आपल्याकडे कोणाच्या डोक्यात आली नसती. ती त्यांनी अमेरिकेतून आणली असावी, असा माझा तर्क आहे. केतकर स्वतः शेवटपर्यंत ओढगस्तीत राहिले. कोशाचे खंड मात्र जुन्या शाळांच्या कपाटांत आजही सापडतात. तुमच्या शाळेत असतील तर धूळ झटकून बघा.

आता ज्या विद्यार्थ्याच्या हिशेबावर मला अधिक वेळ थांबावयाचे आहे, त्याच्याकडे येतो.

१९१३ सालच्या जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले. खर्च बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दिला होता. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्या काळी पौंडाचा भाव पंधरा रुपये धरीत. म्हणजे महिना सुमारे एकशे बहात्तर रुपये. आपल्याकडे ही रक्कम मोठी, न्यूयॉर्कात बेताची. तीतूनच फी, खोलीभाडे, जेवण, आणि मुंबईत मागे राहिलेल्या कुटुंबाला थोडे पाठविणे. अट अशी होती, की परत येऊन दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावयाची. करारावर सही करूनच ते निघाले होते.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी किती वाचले याच्या कथा तुम्ही ऐकल्या आहेत. मी फक्त पुस्तकांविषयी सांगतो. पोटाला चिमटा घेऊन या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके जमविली. १९१५ साली एम. ए. झाले, १९१६ साली लंडनला गेले, तिथे अर्थशास्त्राच्या विद्यालयात आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून निघावे लागले. महायुद्ध चालू होते. सामान वेगळ्या बोटीने पाठविले होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडविली आणि पुस्तके समुद्रतळाशी गेली. सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून कराराप्रमाणे नोकरीवर रुजू होण्यासाठी बडोद्याला जाण्याची सोय झाली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

बडोद्यात काय झाले ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी असल्याची बतावणी करून एका पारशी खाणावळीत उतरले; काही दिवसांनी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कचेरीत शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत. कोलंबियाचा पदवीधर शहरातल्या एका बागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला.

आता तुम्हीच सांगा, करार कोणी मोडला? कागदावर पाहिले तर आंबेडकरांनी. दहा वर्षे नोकरी करावयाची होती, ती काही दिवसांत सुटली. पुढे संस्थानाच्या दप्तराने शिष्यवृत्तीची रक्कम परत मागितली, तो तगादा पुष्कळ वर्षे चालला. पण ज्या शहरात नोकरी करावयाची त्या शहरात माणसाला निजायला खोली मिळू नये, याची जबाबदारी करारात कोठेही लिहिलेली नव्हती. सयाजीराव स्वतः उदार आणि पुरोगामी राजे होते, याबद्दल वाद नाही. त्यांनी पैसा दिला. त्यांच्या राजधानीने जागा दिली नाही.

लंडनला राहिलेला अभ्यास मनात होताच. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठविले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. न्यूयॉर्कच्या दिवसांतले मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. या तीन वाटांनी जमलेल्या रकमेवर १९२० च्या जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले.

इथे एक गंमत आहे. गंमत म्हणावी की नाही हा प्रश्नच आहे. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न, म्हणजे रुपयाची किंमत कशी ठरते आणि का घसरते. आणि नेमक्या त्याच दिवसांत रुपया घसरत होता. १९२० च्या आरंभी एका रुपयाला अडीच शिलिंगांहून अधिक मिळत. वर्षभरात तो भाव दीड शिलिंगाच्याही खाली आला. वीस शिलिंगांचा एक पौंड. गणिताच्या शिक्षकांनी फळ्यावर मांडून पाहावे : अडीच शिलिंगांच्या भावाने पौंडाला आठ रुपये पडतात, सव्वा शिलिंगाच्या भावाने सोळा. म्हणजे लंडनच्या खोलीचे भाडे तेच राहिले, तरी मुंबईच्या रुपयांत ते दुप्पट झाले. दिवसा ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात हा विद्यार्थी विनिमयाच्या दराचा इतिहास वाचीत असे, आणि संध्याकाळी तोच दर त्याच्या ताटात उतरे. चहा, पावाचा तुकडा, थोडे रस्सापाणी, यावर दिवस काढल्याच्या हकीकती त्यांच्या चरित्रांत आहेत. इकडे मुंबईत रमाबाई चाळीतल्या खोलीत मुलाबाळांसह काटकसर करीत होत्या. लंडनच्या पदवीचा अर्धा खर्च त्या खोलीत झाला, असे मी म्हणतो.

१९२१ साली एम. एस्सी. झाली. १९२२ च्या अखेरीस डॉक्टरेटचा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी काही भाग पुन्हा लिहावयास सांगितला. पैसे संपले होते. १९२३ साली मुंबईस येऊन त्यांनी सुधारलेला प्रबंध इथूनच पाठविला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. ही पदवी मिळाली. एवढे कष्ट काढलेला माणूस पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेला, तेव्हा त्याने दलित विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला सरकारी शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या. आपल्यासारखे बडोद्याच्या दारात दुसऱ्या कोणी उभे राहू नये, ही भावना त्यामागे असणार. नागपूरकरांना बाबासाहेबांचे नाव निघाले की १४ ऑक्टोबर १९५६ आणि दीक्षाभूमी आठवते, ते योग्यच आहे. पण दीक्षाभूमीवर मुलांना घेऊन जाल तेव्हा त्यांना हा साडेअकरा पौंडांचा हिशेबही सांगा.

बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला पोचले त्याच वर्षी, १९२० साली, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा एक कास्तकाराचा मुलगाही विलायतेला निघाला होता. पंजाबराव देशमुख. वडील शामराव. घरी शेती, पण शेतीतून विलायतेचा खर्च निघतो थोडाच! शामरावांनी जमीन गुंतवून कर्ज काढले आणि मुलाला बोटीवर बसविले. वऱ्हाडात ज्याला जमीन गहाण टाकणे म्हणतात ते काय असते, हे शहरातल्या लोकांना सांगून कळणार नाही. तुम्हांला सांगण्याची गरज नाही. धुऱ्यावर उभे राहून स्वतःच्या वावराकडे परक्यासारखे बघावे लागते.

पंजाबराव एडिंबरोला गेले, तिथे संस्कृतच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी घरचा भार हलका केला. पुढे ऑक्सफर्डला वेदवाङ्मयातील धर्माच्या उगमावर आणि विकासावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले, बॅरिस्टरही झाले. कुणब्याच्या मुलाने ऑक्सफर्डला जाऊन वेदांवर प्रबंध लिहावा, याचे त्या काळी पुष्कळांना नवल वाटले असेल. काहींना रागही आला असेल.

१९२६ साली ते परत आले. अमरावतीस वकिली सुरू केली. पाठोपाठ अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीत ते पुढे होते. श्रद्धानंद छात्रालय काढले, तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहून जेवीत. शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. आज विदर्भात त्या संस्थेच्या शाळा-कॉलेजांतून शिकलेला माणूस कोणत्या गावात नाही? आणि १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाल्यावर त्यांनी ज्या कामांत लक्ष घातले त्यांत एक होते शेतकऱ्याच्या कर्जाचे. १९३३ साली प्रांतात कर्जलवाद कायदा झाला. कास्तकार आणि सावकार यांना मंडळापुढे बसवून देणे तोडून घेण्याची त्यात सोय होती. त्यामागे पंजाबरावांचा मोठा वाटा होता. ऑक्सफर्डला त्यांनी वेदांचा अभ्यास केला खरा. कर्जाचा अभ्यास मात्र पापळलाच झाला होता.

पंजाबरावांचे उदाहरण सांगताना मला एक धोकाही दिसतो. जमीन गुंतवून पोरगा विलायतेला पाठवावा, तो मंत्री होऊन येतो, असे कोणी त्यातून घेऊ नये. ज्यांची जमीनही गेली आणि मुलगाही नापास होऊन आला, किंवा तिकडेच राहिला, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. आपल्याला यशाच्याच गोष्टी ऐकू येतात, कारण त्याच छापल्या जातात. हा इतिहासाच्या साधनांचा दोष आहे, आणि इतिहासाच्या शिक्षकाने तो विद्यार्थ्यांपुढे उघड बोलून दाखवावा. घरी राहून शिक्षणाची सोय करण्याचाही एक मार्ग होता. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला सुमारे पस्तीस लाख रुपये ठेवले, त्यातून १९४२ साली नागपुरात तंत्रविद्येची संस्था उभी राहिली. रंग, तेल, रसायने शिकायला ज्यांना जर्मनी किंवा इंग्लंड गाठावे लागले असते, त्या किती तरी मुलांची विलायत अमरावती रस्त्यावरच झाली.

आता आजच्या काळाविषयी थोडे, कारण ऐकणाऱ्यांत आईबाप आहेत आणि शिक्षकही आहेत. आजही खेड्यांतून मुले निघतात. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया. सावकाराच्या जागी बँक आली. मोठ्या रकमेला तारण मागतात, आणि व्याज मुलगा शिकत असतानाच चढू लागते. रुपयाचा भाव १९२० सारखाच आजही खाली-वर होतो, म्हणून जाताना केलेला हिशेब दुसऱ्या वर्षी तोकडा पडतो. हे आईबापांनी आधीच धरून चालावे. दलालाच्या गोड बोलण्यावर सही करू नये; विद्यापीठाची मान्यता आणि फीचा आकडा स्वतः, किंवा शाळेतल्या जाणत्या शिक्षकाकडून, तपासून घ्यावा.

कर्जाखेरीज दुसरी वाटही आहे. केंद्र सरकारची परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी परदेश शिष्यवृत्ती आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेले आहे. तीतून फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडे मिळते. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही त्या त्या खात्याच्या योजना आहेत. जागा थोड्या असतात, उत्पन्नाची मर्यादा आणि इतर अटी वेळोवेळी बदलतात, तेव्हा ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षाची जाहिरातच वाचावी. जाहिरात निघाल्यावर दिवस फार थोडे मिळतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि जातपडताळणी यांतच पुष्कळ मुलांची मुदत निघून जाते. म्हणून शिक्षकांना सांगणे एवढेच, की बी. ए.-बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गावातला कोण मुलगा, कोण मुलगी आहे ते पाहा, आणि हे कागद तहसील कचेरीतून आत्ताच काढून ठेवायला लावा. पासपोर्टचा अर्जही त्याच वेळी भरून टाका.